पेजेच्या वेळची भट्टी

कारिदादला भट्टी माहीत होती ती फक्त पेजेच्या वेळची.

लग्न होऊन ती माड्डीवाड्यावर आली त्या वर्षापासून नवरा आवेलिन जाईपर्यंत, काजूच्या मोसमात ती रोज पेज घेऊन टेकडीच्या पायथ्याशी जायची. डोक्यावर पेजेचं मडकं, त्यावर उपडं झाकण, झाकणावर केळीच्या पानात गुंडाळलेला भाजलेला सुका बांगडा. आवेलिन उकिडवा बसून पेज भुरकायचा. डोळे मात्र चुलीकडे. मध्येच उठून एखादं लाकूड मागे ओढायचा, परत येऊन बसायचा. बोलायचा नाही. पेज संपली की कारिदाद भांडी उचलून घरी. सकाळी भट्टी पेटवतात कशी, हे तिने कधी पाहिलं नाही, कारण त्या वेळी ती पायरीवर बसून मासळीवालीची वाट बघत असायची. संध्याकाळी थांबवतात कशी, हेही पाहिलं नाही, कारण तेव्हा डुकरांना घालायची वेळ. मधला तुकडा मात्र तिला तोंडपाठ होता. आग किती असते, धार किती बारीक पडते, मडक्यावर पाणी कितीदा ओततात, सगळं.

माहेर तिचं बेतूलकडचं, होडीवाल्यांचं. डोंगर, काजू, भट्टी हे सगळं लग्नानंतरचं. अंगाने किरकोळ, चालणं भरभर, बोलणं कमी. एकुलती मुलगी लग्न होऊन सांग्याला गेलेली. घरात ती, दोन डुकरं आणि एक कोंबडी, जी अंडी कुठे घालते ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

काजूची फेणी उतरवायची ही भट्टी दोघा भावांची होती. थोरला ग्रासियास, धाकटा आवेलिन. परवाना थोरल्याच्या नावावर, रस उकळायचं तांब्याचं भाण त्यांच्या बापाने घेतलेलं. आवेलिन गेल्यावर ग्रासियासने वाटणी केली ती चार माणसांना विचारूनच. त्यात लबाडी होती असं कुणी म्हणणार नाही. भाण आणि भट्टीची जागा त्याच्याकडे राहिली, उतरणीवरची काजूची पट्टी कारिदादकडे आली. पट्टीतली फळं ती त्यालाच घालायची. थोरल्या दिराला ती इर्मांव म्हणायची, आणि नाताळचा फराळ सगळ्यांत आधी त्याच्याच घरी पाठवायची. एकंदरीत बरं चाललं होतं.

बिघडलं ते खुरसाच्या, म्हणजे क्रूसाच्या, पायरीवर.

वाड्यावरच्या खुरसाची लादाइन, म्हणजे त्याच्यापुढे गायची प्रार्थना, दरसाल मे महिन्याच्या सुरुवातीला होते. दर वर्षी एका घराची पाळी. मेणबत्त्या, फुलांच्या माळा, फटाके, उकडलेले चणे आणि फेणी, हे सगळं पाळीवाल्या घराने करायचं. प्रार्थना गाणारा मेस्त ग्रासियासच. पिकला होता तरी आवाज अजून खणखणीत. प्रार्थना संपली की पहिला ग्लास मेस्ताला. त्याने घोट घेऊन मान हलवली की मग बाकीच्यांचे हात पुढे. त्या वर्षी शेजारच्या फिलूने आपला ग्लास एका दमात संपवला आणि ओठ पुसत म्हणाली, "चांगली आहे हो, पण आवेलिन होता तेव्हाची चव काही वेगळीच."

ग्रासियास हसला. "आवेलिन लाकडं सरकवायचा गो, फिलू. लाकडं कोण पण सरकवतो. हात माझा होता."

मुद्दाम लागेल असं बोलावं म्हणून तो बोलला नसेल. वाड्यावर सगळेच असं बोलतात. पण कारिदाद चणे वाढत होती ती थांबली.

"पुढची पाळी माझी," ती म्हणाली. "फेणी माझ्या घरची असेल. माझ्याच घरी उतरवलेली."

"कशात उतरवशील? पेजेच्या मडक्यात?" मागून कुणीतरी विचारलं, आणि पायरीवरचे सगळे हसले. ग्रासियासही हसला. कारिदाद हसली नाही. शब्द सगळ्या वाड्यासमोर, खुरसापुढे तोंडातून गेला होता. आता पुढच्या मे महिन्यापर्यंत एक तर स्वतःची फेणी व्हायला हवी होती, नाही तर रिकामी बाटली घेऊन इर्मांवच्याच दारात उभं राहायला हवं होतं.

पाऊस सरला तशी ती केप्याला अबकारीच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "भट्टी नवऱ्याच्या नावावर घालू?"

"नवरा सिमितेरीत आहे. तिथून त्याला चालवायला जमणार नाही. माझ्या नावावर घाल."

भट्टी उभारायला तिने फोंडू वेळीपला बोलावलं. फोंडू कित्येक वर्षं दोघा भावांकडे सकाळचा यायचा. काजू वेचून आणायचा, पायांनी तुडवायचा, चूल पेटवून द्यायचा आणि उन्हं चढायच्या आत बागेच्या मालकाच्या, भाटकाराच्या पोफळींना पाणी लावायला निघून जायचा. आता गुडघे धरले होते, तरी चूल मांडायची म्हटल्यावर आला.

"भाण कुठलं, कारिदाद बाय? तांब्याचं?"

"मातीचं."

"आता मातीचं कोण घेतो?"

"ज्याचं तांब्याचं दिराकडे राहतं तो."

कुंभाराकडून दोघांनी एक पोटाळ, जाड काठाचं मडकं आणलं. त्याच्या गळ्याशी नळी बसेल एवढं भोक कुंभाराने ओल्या मातीतच पाडून दिलं होतं. दुसरं मडकं गोल, तोंड अरुंद, ज्यात वाफ येऊन थंड होणार ते. घरामागे विहिरीजवळ फोंडूने चिऱ्यांची चूल मांडली. चुलीचं तोंड त्याने आधी एका बाजूला केलं, मग ओलं बोट वर धरून वारा बघितला आणि पुन्हा सगळे चिरे काढून दुसऱ्या बाजूला केलं. कारिदाद बघत होती. पेजेच्या वेळी चूल मांडलेलीच असायची, तिचं तोंड कुठे करायचं हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

नळी बांबूची. आतल्या गाठी तापलेल्या सळईने फोडल्या, वरून काथ्याची दोरी गच्च गुंडाळली. गोल मडकं पाण्याच्या मोठ्या काहिलीत अर्धं बुडवून ठेवायचं, वर करवंटीच्या डावाने सारखं पाणी सोडायचं, म्हणजे वाफेचं पाणी होतं. एवढीच भट्टी. बघितली तर स्वयंपाकघरापेक्षा सोपी. राहिली ती सांधे लिंपायची माती. ती लागते वारुळाची, कारण दुसरी कुठलीही माती तापली की तडकते.

काजूच्या पट्टीत एक मोठं वारूळ होतं. कारिदादने कुदळ उचलली तसा फोंडू आडवा आला.

"ही सांतेर, भूमीची देवी. हिला कुदळ लावायची नाही."

"अरे, ग्रासियास इर्मांव दरवर्षी कुठून आणतात?"

"मी आणून द्यायचो. पडकं शोधून, सोडून गेलेलं."

तसं पडकं वारूळ शोधण्यात अख्खी दुपार गेली. सापडल्यावरही फोंडूने त्यावर एक रानफूल ठेवून हात जोडले. कारिदादने कपाळ-छातीवर बोटांनी आपला खुरीस काढला. मग दोघांनी मिळून माती भरली.

मार्चमध्ये फळं पडायला लागली. झाडाची तोडायची नाहीत, पडलेलीच घ्यायची. बी पिरगळून काढायची आणि फळ तुडवायचं. कारिदादने लाकडी डोणीत स्वतः तुडवलं. लुगड्याचा ओचा खोचून, खुरसाकडे तोंड करून. फिलू कुंपणापलीकडून बघत होती.

"अगो, नाचतेस का काय? म्हातारपणी?"

"तू पण ये. डोणीत जागा आहे."

"मी येईन फेणी झाल्यावर. तेव्हा जागा ठेव."

रस पिंपात भरला. फेस चढला, दोन-तीन दिवसांनी फेस बसला, आंबूस वास घरभर झाला आणि डुकरं पिंपाजवळून हलेनात. मग एका सकाळी फोंडूने भाणात रस घातला. तोंडावर लाकडी बूच, बुचाभोवती फडकं, त्यावर वारुळाची माती. नळीचे सांधे लिंपले. चूल पेटवली ती सुरुवातीला जोरात, मग हळूहळू कमी. पहिला थेंब पडला तसा तो उठला.

"झालं. आता चालू झाली."

"पुढे?"

"पुढे काय? पुढे मी पोफळींकडे जायचो."

तो गेला. मग कारिदादची वेळ आली, आणि तिथून पेजेच्या वेळेपर्यंत सगळं तिला जमलं. धार सुतासारखी. जाड व्हायला लागली की तिने एक लाकूड मागे ओढलं. धार पुन्हा बारीक. आवेलिन करायचा तसंच. उगाच नाही तो गप्प बसायचा, तिच्या मनात आलं, बोलत बसला असता तर लाकूड कधी ओढायचं ते हुकलं असतं.

पेज तिने त्या दिवशी स्वतःच भट्टीशी बसून प्यायली. भांडी उचलली. आणि तिथे तिची माहिती संपली.

दुपारी धार चालूच होती. थांबवायची कधी? जोवर येतं आहे तोवर कुणी थांबवतं का? विहिरीला पाणी आहे तोवर माणूस उपसतोच. तिने चालू ठेवलं. ऊन उतरलं, धार चालू. डुकरं ओरडायला लागली, धार चालू. शेवटी भाणाच्या बुडाशी काहीतरी चरचरलं, करपट वास आला, तेव्हा तिने घाईघाईने आग ओढली.

फिलूने घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"सांग ना."

"सांगू? कुणीतरी विडी ओढून त्या तोंडाने पाणी प्यायलं आणि ते पाणी मला दिलं, असं लागतंय."

सगळा हुराक पाणचट आणि करपट झाला होता. पहिल्या उतरवणीच्या या दारूला आमच्याकडे हुराक म्हणतात. तोच पुन्हा उतरवला की फेणी. पण हुराकच असा, तर फेणी कसली?

दुसऱ्या दिवशी फोंडू आला.

"मला पेजेपर्यंतचं माहीत," तो म्हणाला.

"आणि मला पेजेच्या वेळचं."

"मग संध्याकाळचं कुणाला?"

दोघांनी एकाच वेळी टेकडीच्या पायथ्याकडे पाहिलं. झाडांवरून ग्रासियासच्या भट्टीचा धूर सरळ वर चालला होता.

"तोंड आहे ना तुला?" फिलू कुंपणावरून म्हणाली. "जा आणि विचार. दीरच आहे, खाणार नाही."

"तोंड आहे म्हणूनच जात नाही."

दुसऱ्या खेपेला तिने पेज पिऊन झाल्यावर थोड्याच वेळात आग ओढली. आलं ते जेमतेम एक तांब्याभर. फिलूने घोट घेतला, डोळ्यांना पाणी आलं, खोकत म्हणाली, "याच्यावर दिवा पेटेल. पण माणूस विझेल." आणि भाणात अजून अर्धं शिल्लक होतं हे तर कारिदादलाही कळत होतं. असं करत राहिली तर पट्टीतली सगळी फळं संपतील आणि लादाइनीला एक बाटलीसुद्धा व्हायची नाही.

मग एका संध्याकाळी ती ग्रासियासच्या भट्टीकडे गेली. विचारायला नाही, नुसतं बघायला. डुक्कर हरवलं असं सांगायचं ठरवून गेली. ग्रासियास नळीशी वाकून बसला होता. तिची चाहूल लागताच त्याने खांद्यावरचं फडकं गोल मडक्यावर टाकलं आणि सरळ झाला.

"काय गो, कारिदाद? इकडे कुठे?"

"डुक्कर सुटलंय, इर्मांव. इकडे आलं का बघायला आले."

ग्रासियासने तिच्या मागे बघितलं. "कुठलं? ते तुझ्या मागे उभं आहे ते?"

खरोखर एक डुक्कर तिच्या मागोमाग घरापासून आलं होतं. तिच्या पायांना काजूच्या चोथ्याचा वास होता. कारिदादने त्याला एक फटका दिला, "हेच ते," म्हणाली, आणि निघाली.

"तुझ्या भट्टीचं कसं चाललंय?" मागून त्याने विचारलं.

"चाललंय."

"काही लागलं तर सांग."

"डुक्कर सापडलं. आता काही लागत नाही."

परत येताना तिच्या मनात आलेली गोष्ट तिला आवडली नाही. मडक्यावर त्याने फडकं टाकलं, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी तिथे होतंच. म्हणजे शेवटचं काम त्याचंच होतं. 'हात माझा होता' म्हणाला ते पुरतं खोटं नव्हतं. रात्री जपमाळ म्हणताना तिने ते आवेलिनला सांगितलं आणि लगेच, "तरी लाकडांचं तो बोलला ते चुकलंच," अशी पुस्ती जोडली.

रविवारी ती कालवणासाठी नारळ वाटून रस काढत होती. पहिला दाट रस एका वाडग्यात, तो शेवटी घालायचा. त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरा रस दुसऱ्या वाडग्यात, त्यात मासळी शिजवायची. तिसरा अगदी पातळ, तो नुसता वाटण धुऊन घ्यायला. हे तीन रस मिसळणारी सून आमच्याकडे माहेरी परत जाते. वाडगे ओळीने मांडलेले होते. कारिदादने एकेकात बोट बुडवून चाखलं. चोथा तोच, रस तीन, आणि कुठला कुठे संपला हे सांगायला जीभ पुरे. मग भट्टीचं तेवढं सगळं एकाच मडक्यात का पडू द्यायचं?

सोमवारी तिने कुंभाराकडून आणखी दोन गोल मडकी आणली. फोंडू तिचा बेत ऐकून उठूनच उभा राहिला.

"चालत्या भट्टीचा सांधा फोडायचा? वेडी झालीस का बाय? वाफ जाईल. सगळी जाईल. आणि तोंडावर आली तर तोंड पण जाईल."

"आग ओढली की वाफ बसते. आवेलिन ओढायचा तेव्हा धार थांबायचीच की. तेवढ्यात बदलायचं."

"चालती भट्टी कुणी उघडत नाही."

"कुणी म्हणजे कोण? संध्याकाळी इथे होता का तू कधी?"

"नव्हतो."

"मी पण नव्हते. मग आपल्याला काय माहीत कोण उघडतो आणि कोण नाही."

फोंडू मातीचा ओला गोळा हातात घेऊन तिथेच बसला, आणि पोफळी त्या दिवशी तहानलेल्या राहिल्या.

पेज पिऊन झाली. कारिदादने लाकडं एकेक करून मागे ओढली, सगळी एकदम नाही. धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. तिने सांध्याची माती खरवडून पहिलं मडकं काढलं, दुसरं लावलं, फोंडूने गोळा चोपडला. थोडी वाफ गेली. तिच्या मनगटावर एक चटका बसला. लाकडं पुन्हा पुढे सरकवली तशी धार परत लागली. दुपार कलताना तिसरं मडकं. ते काम तिने फोंडूला न सांगताच केलं, आणि त्याने न सांगताच गोळा पुढे केला.

तीन मडकी ओसरीवर ओळीने ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशी तोंडाने, तिने एकेकाची चव घेतली. पहिलं कडक. दुसरं गोडसर, फळाचा वास सरळ नाकात येणारं. तिसऱ्यात वास होता पण अंग नव्हतं, आणि शेवटी जिभेवर काहीतरी कडवट राहत होतं. पुढच्या खेपेला तिने तिसऱ्या मडक्याची वेळ थोडी पुढे ढकलली. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा मागे आणली. असं करत करत ते कडवट जिथून सुरू होतं ती जागा तिला सापडली. तिथे धारेचा आवाज किंचित बदलतो असं तिचं म्हणणं होतं. फोंडू कान लावून बसायचा आणि मान हलवायचा. ऐकू काही येत नसे.

एप्रिल संपताना तिने पहिल्या दोन मडक्यांचा साठवलेला हुराक ताज्या रसात घालून पुन्हा भट्टीवर चढवला. सकाळ फोंडूची, बाकी सगळं तिचं. फेणी फार झाली नाही. मातीचं नवं भाण बरंच पिऊन घेतं. पण वाड्याला पुरेल एवढी झाली. तिसऱ्या मडक्यातलं तिने वेगळ्या बाटलीत भरून कपाटाच्या मागे ठेवून दिलं.

लादाइनीला सगळा वाडा आला. दर वर्षीपेक्षा माणसं थोडी जास्तच होती, आणि ती चण्यांसाठी आली नव्हती. खुरसाला झेंडूच्या माळा, पायऱ्यांवर मेणबत्त्या, वाऱ्याने विझणाऱ्या आणि पुन्हा पेटवलेल्या. ग्रासियासने प्रार्थना गायली ती नेहमीसारखीच, एक ओळ न चुकता. फटाके फुटले, कुत्री पळाली. मग कारिदादने पहिला ग्लास भरून त्याच्यापुढे धरला.

"घ्या, इर्मांव."

तो लगेच प्यायला नाही. तळव्यावर दोन थेंब घेऊन चोळले, वास घेतला. दुसरा रिकामा ग्लास मागून घेऊन उंचावरून त्यात ओतलं आणि मेणबत्तीशी धरलं. बुडबुडे मोत्यांसारखे काठाशी जमले आणि तसेच उभे राहिले; पाणचट फेणीत ते टिकत नाहीत. मग त्याने घोट घेतला.

"कोणी उतरवली?"

"मी."

"फोंडूने?"

"सकाळी फोंडू. मग मी."

फोंडू मागे चणे खात उभा होता. त्याने नुसती मान हलवली.

ग्रासियासने दुसरा घोट घेतला. "लवकर थांबवलीस. अजून एक बाटली आली असती."

"आली की. ती वेगळी ठेवलीय."

"कशाला?"

"गुडघ्यांना चोळायला."

माणसं हसली. ग्रासियास हसला नाही. ग्लासातल्या उरलेल्या फेणीकडे बघत राहिला.

"मी ती शेवटची धार त्यातच घालतो," तो म्हणाला. आणि मग, "आवेलिन नको म्हणायचा."

"थांबवायचे तुम्हीच ना, इर्मांव?"

"मीच. पण तो चव घ्यायचा, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून."

हे तो मोठ्याने बोलला नाही, पण मेस्ताचा आवाज, खालच्या पायरीपर्यंत ऐकू गेला. ग्रासियासने मान हलवली, ज्याची सगळे वाट बघत होते ती, आणि ग्लास पुन्हा पुढे केला. मेस्ताला दुसरा ग्लास एरवी सगळ्यांचं झाल्यावर मिळतो. कारिदादने तो तिथल्या तिथेच भरला.

"आमच्या हातांत पण ग्लास आहेत म्हटलं," फिलू ओरडली. "दीर-भावजयीचं झालं असेल तर इकडे बघा कुणीतरी."

कारिदाद बाटली घेऊन ओळीने ओतत गेली. फेणीला त्या रात्री कुणी नावं ठेवली नाहीत. चण्यांत मीठ कमी होतं, ते मात्र प्रत्येकाने तिला जाऊन सांगितलं.